डेबियन १२ वरून १३ वर जाताना: ‘वाय’ दाबण्याआधीची यादी

२०२३च्या पावसाळ्यात आमच्या वाचनालयाचा सर्व्हर मी डेबियन या लिनक्स सिस्टिमच्या आवृत्ती ११ वरून १२ वर नेला. मध्येच ॲप्टने, म्हणजे पॅकेजेस आणणाऱ्या-काढणाऱ्या साधनाने, एक यादी समोर ठेवली: ‘ही पॅकेजेस काढली जातील’. शे-सव्वाशे नावं असतील. बाहेर वीज जात-येत होती, यूपीएस पिकपिक करत होता, मला घरी जायची घाई. यादीवरून नजर फिरवल्यासारखं केलं आणि ‘वाय’ (म्हणजे हो) दाबला. अपग्रेड बिनबोभाट पार पडलं. सोमवारी ग्रंथपाल बाईंनी नव्या पुस्तकांची लेबलं छापायला घेतली, तेव्हा कळलं की लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर त्याच यादीत होता. “काल तर चालत होता, तूच काहीतरी केलंस,” बाई म्हणाल्या. खरंच मीच केलं होतं. ॲप्टने मला विचारून काढलं होतं.

तेव्हापासून अपग्रेडचा माझा निम्मा वेळ ती यादी वाचण्यात जातो. डेबियन १३, म्हणजे ‘ट्रिक्सी’, ९ ऑगस्ट २०२५ला आलं. पहिली दुरुस्ती-आवृत्ती १३.१ ही ६ सप्टेंबरला आली. चालत्या सर्व्हरवर मी तिच्याआधी हात घालत नाही. मग दिवाळीची सुट्टी धरली. गोव्यातला आमचा अख्खा फोंडा नरकासुर बघायला रस्त्यावर, वाचनालय बंद, आणि पहाटे दिवाळीचे फोव (पोहे) खायला घरी पोचायचं एवढीच मुदत. खालची पद्धत त्या रात्रीच्या टिपणांवरून लिहिली आहे. डेबियन १२ला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या जून २०२६पर्यंतच ठरलेल्या होत्या, त्यामुळे १२वर असलेल्यांनी हे फार लांबवू नये.

एक खुलासा: कमांड्स मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या. सगळ्या रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन चालवायच्या.

गाठी कुठे असतात

चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळी बांधताना पाहिलं असेल. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घड, कांगणी, रानातली फळं एकेका दोरीने बांधलेली. फळ बदलायचं तर एक दोरी सोडली की झालं. चौकटीची पट्टीच बदलायची तर तिला जे जे बांधलंय ते सगळं सोडून पुन्हा बांधावं लागतं. साधं अपडेट म्हणजे फळ बदलणं. मोठं अपग्रेड म्हणजे पट्ट्या बदलणं: सी लायब्ररी, पायथन, पर्ल, ओपनएसएसएल, सगळं एकाच रात्री.

डेबियनमध्ये दोघे काम करतात. डीपीकेजी प्रत्यक्ष फाइली उलगडतो आणि बसवतो. त्याला गाठ अपुरी दिसली तर तो फक्त तक्रार करतो. कुठलं पॅकेज आणायचं आणि कुठलं सोडायचं हे ॲप्ट ठरवतो. प्रत्येक पॅकेज आपल्या अटी सांगतं. ‘डिपेंड्स’ म्हणजे हे असल्याशिवाय चालणार नाही. ‘रेकमेंड्स’ म्हणजे असलं तर बरं. ‘ब्रेक्स’ आणि ‘कॉन्फ्लिक्ट्स’ म्हणजे अमक्याबरोबर जमत नाही. ‘प्रोव्हाइड्स’ म्हणजे मी त्या दुसऱ्या नावाचंही काम करतो. या सगळ्या अटी एकदम पाळणारा संच शोधणं हे गणिती दृष्टीने एनपी-कंप्लीट जातीचं (झटपट सोडवायची खात्रीची रीत माहीत नसलेलं) कोडं आहे, म्हणून ॲप्ट अंदाजाने वाट काढतो. बहुतेक वेळा त्याला छान वाट मिळते. मिळत नाही तेव्हा कारण जवळपास नेहमी आपणच कधीतरी बाहेरून आणलेलं एखादं पॅकेज असतं.

आधी घर आवरून घ्या

पहिली गोष्ट बॅकअप, आणि ती डोळे झाकून सांगतोय असं समजू नका. डेबियनमध्ये पुढे गेलेलं मागे आणायची सोय नाही. खालच्या आवृत्तीवर उतरणं अधिकृतपणे चालतच नाही. परतीची वाट फक्त बॅकअपमधून. डेटाबेसचा डम्प, पूर्ण ‘/ईटीसी’ (सेटिंगच्या फाइली), ‘/व्हार/लिब/डीपीकेजी’ आणि ‘/व्हार/लिब/ॲप्ट/एक्स्टेंडेड_स्टेट्स’ ही फाइल घ्या. शेवटची फाइल लोक विसरतात. कुठलं पॅकेज तुम्ही स्वतः मागितलं आणि कुठलं कुणाच्या तरी मागून आलं, ही नोंद तीत असते. ती गेली तर पुढे साफसफाई करताना ॲप्टला काहीच कळत नाही. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर ठेवा, ‘/टीएमपी’मध्ये तर मुळीच नको, का ते पुढे येईल.

मग आहे तीच आवृत्ती शेवटच्या टोकापर्यंत अद्ययावत करा. अर्धवट अपडेट झालेल्या १२वरून १३वर उडी मारू नका, आणि ११वरून थेट १३वर तर नाहीच. मधली आवृत्ती गाळणं डेबियन मान्य करत नाही.

    ॲप्ट अपडेट
    ॲप्ट फुल-अपग्रेड
    डीपीकेजी --ऑडिट
    ॲप्ट-मार्क शोहोल्ड

तिसऱ्या कमांडने काहीच छापलं नाही तर उत्तम. काही छापलं तर ते आधी निस्तरा. चौथी कमांड होल्डवर ठेवलेली (हात लावू नको अशी खूण केलेली) पॅकेजेस दाखवते. माझ्या रात्रीतला सर्वात मोठा गुंता तिथेच होता, त्याकडे लवकरच येतो.

त्यानंतर परकी पॅकेजेस शोधायची:

    ॲप्ट लिस्ट '?नॅरो(?इन्स्टॉल्ड, ?नॉट(?ओरिजिन(डेबियन)))'

यातून डेबियनच्या बाहेरून आलेलं सगळं समोर येतं: कुणाच्या वेबसाइटवरून उतरवलेली डेब फाइल, ब्राउझर बनवणाऱ्यांची स्वतःची रिपॉझिटरी (पॅकेजेसचं भांडार), नव्या पीएचपीसाठी जोडलेली रिपॉझिटरी. आमच्याकडे अशी सात निघाली. प्रत्येकासमोर मी कागदावर लिहिलं: हवंय का? १३साठी त्याची आवृत्ती निघाली आहे का? नसली तर पर्याय काय? दोन तर कुणाला आठवतही नव्हती, ती लगेच काढली. उरलेल्यांच्या रिपॉझिटरीच्या ओळींपुढे टिप्पणीचं चिन्ह टाकून त्या बंद केल्या. ‘/ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी’मध्ये पिनिंगच्या जुन्या फाइली पडल्या असतील तर त्याही बाजूला ठेवा. एखादं पॅकेज मुद्दाम जुन्या आवृत्तीवर अडकवून ठेवलेलं असतं आणि तीन वर्षांनी अडकवणाऱ्यालाच ते आठवत नाही.

जागा तपासा. ‘/बूट’ वेगळं विभाजन असेल तर त्यात साधारण तीनशे एमबी मोकळं हवं. डेबियनचं म्हणणं आहे की ते विभाजनच ७६८ एमबीच्या खाली नसावं. जुने कर्नल काढले की बहुधा भागतं. यंत्र ३२-बिट असेल तर इथेच थांबा: १३मध्ये आय३८६साठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही उरलेले नाहीत. ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ने खात्री करून घ्या.

पत्ते बदलणं

‘/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट’मध्ये ‘बुकवर्म’च्या (म्हणजे १२च्या) जागी ‘ट्रिक्सी’ लिहायचं: मुख्य ओळ, ‘ट्रिक्सी-सिक्युरिटी’, ‘ट्रिक्सी-अपडेट्स’. बॅकपोर्ट्सची (जुन्या आवृत्तीसाठी आणलेल्या नव्या पॅकेजेसची) ओळ असेल तर तूर्त बंद ठेवा. वायफाय किंवा नेटवर्क कार्डासाठी फर्मवेअर लागत असेल तर ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा भाग ओळीत आहे ना ते पाहा. १२पासून फर्मवेअर त्या वेगळ्या भागात गेलं आहे. ‘स्टेबल’ असा शब्द मात्र लिहू नका. नवी आवृत्ती आली की तो शब्द आपोआप तिकडे वळतो आणि एखाद्या मंगळवारी साधं अपडेट करताना तुम्ही नकळत मोठ्या अपग्रेडच्या मधोमध उभे असता.

तालीम

आता ‘ॲप्ट अपडेट’ चालवा, पण पुढे जाऊ नका. आधी तालीम:

    ॲप्ट-गेट -एस डिस्ट-अपग्रेड > /रूट/तालीम.टीएक्सटी
    ग्रेप '^रेम्व' /रूट/तालीम.टीएक्सटी

‘-एस’मुळे काहीच बदलत नाही, नुसता काय होईल याचा हिशोब छापला जातो. ‘रेम्व’ने सुरू होणारी ओळ म्हणजे काढलं जाणारं पॅकेज. न पटणारं काही दिसलं तर सोर्सेस पुन्हा बुकवर्मवर आणा, अपडेट चालवा आणि झोपायला जा. यंत्राला धक्काही लागलेला नसतो.

माझ्याकडे पहिल्या तालमीत १८६ ओळी आल्या. आकडा पाहून घाबरू नका, त्यात तीन जाती असतात.

पहिली जात नुसत्या नाव बदललेल्यांची. ‘लिबकप्स२’ जातंय असं दिसलं की छपाई बंद पडणार असं वाटतं. पण त्याच फाइलमध्ये ‘इन्स्ट’ने सुरू होणाऱ्या ओळींत ‘लिबकप्स२टी६४’ येताना दिसेल. हे टी६४ म्हणजे २०३८च्या प्रश्नाची तयारी. ३२-बिट संख्येत सेकंद मोजणारी यंत्रं १९ जानेवारी २०३८ला गडबडतात, म्हणून १३मध्ये वेळ मोजायचा प्रकार ६४-बिट केला आणि त्यात गुंतलेल्या शेकडो लायब्रऱ्यांना नवं नाव दिलं. आपल्या नेहमीच्या ६४-बिट यंत्रावर आत फारसं काही बदललेलं नाही. नवं पॅकेज ‘प्रोव्हाइड्स’मधून जुन्या नावाचीही जबाबदारी घेतं, त्यामुळे जुन्या नावावर विसंबलेला बाहेरचा ड्रायव्हर बहुधा तग धरतो. ‘लिबएसएसएल३’, ‘लिबकर्ल४’, ‘लिबग्लिब२.०-०’ यांचंही तसंच. नावाच्या शेवटी टी६४ लावून ‘इन्स्ट’ ओळींत शोधा, सापडलं की यादीतून खोडा. माझ्या १८६पैकी अर्ध्याहून जास्त अशी खोडली गेली.

दुसरी जात नव्या क्रमांकाने बदललेल्यांची: जुनी पायथन ३.११ची पॅकेजेस जाऊन ३.१३ची येणं, ‘लिबॲप्ट-पीकेजी६.०’ जाऊन ‘७.०’ येणं. हीही खोडा.

तिसरी जात खरोखर जाणाऱ्यांची. माझ्याकडे शेवटी नऊ नावं उरली. ही नऊ नावं एकेक करून वाचायची, घाई न करता. पॅकेज इथे का होतं हे आठवत नसेल तर:

    ॲप्ट-कॅश आरडिपेंड्स --इन्स्टॉल्ड पॅकेजचं-नाव
    ॲप्टिट्यूड व्हाय पॅकेजचं-नाव

पहिली कमांड त्याच्यावर कोण विसंबून आहे ते दाखवते, दुसरी ते मुळात कुणामुळे आलं त्याची साखळी. नऊपैकी सहा अशी होती की गेली तरी कुणाला पत्ता लागला नसता. एक होता तोच लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर. २०२३मध्ये तो मी पुन्हा बसवला होता, आता निदान आधीच कळलं. उरलेली दोन एकाच गाठीतली निघाली.

एका होल्डची गोष्ट

तालमीच्या फाइलमध्ये ‘रेम्व’इतकाच महत्त्वाचा आणखी एक भाग असतो: ‘ही पॅकेजेस मागे ठेवली आहेत’. त्यात पाच-सात नावं आली तर चालतं. माझ्याकडे ती तीन पानं भरून आली आणि त्यांत खुद्द ‘पायथन३’ होतं. पायथनच जुनं राहिलं तर त्याला बांधलेलं सगळं जुनंच राहणार.

कारण विचारायला ॲप्टला बोलतं करता येतं:

    ॲप्ट-गेट -एस -ओ डीबग::पीकेजीप्रॉब्लेमरिझॉल्व्हर=यस डिस्ट-अपग्रेड

धबधबा ओततो नुसता. त्यात आपलं नाव शोधायचं. सापडलं: आमच्या कॅटलॉगचा एक जोडप्रोग्राम, गावातल्याच एका मुलाने बनवून डेब करून दिलेला. ‘ॲप्ट-कॅश शो’मध्ये त्याची अट स्वच्छ लिहिलेली होती: पायथन ३.११ किंवा पुढचं, पण ३.१२च्या खालचं. डेबियन १३मध्ये पायथन ३.१३ आहे. म्हणजे दोघं एका घरात राहूच शकत नाहीत. एरवी ॲप्टने तो प्रोग्राम काढायचा प्रस्ताव ठेवला असता आणि मला तो यादीत दिसला असता. पण २०२३च्या ड्रायव्हर-प्रकरणानंतर मी घाबरून त्याला होल्ड लावला होता. होल्ड म्हणजे ‘याला हात लावायचा नाही’. मग ॲप्टने प्रामाणिकपणे त्याला हात न लावता बाकीचं अर्धं यंत्र जुनं ठेवलं.

सोडवायचा क्रम असा. होल्ड काढला (‘ॲप्ट-मार्क अनहोल्ड’). प्रोग्रामच्या सेटिंगची फाइल बाजूला कॉपी केली. पॅकेज अपग्रेडच्या आधीच, १२वर असतानाच काढून टाकलं आणि पुन्हा तालीम केली. तीन पानांची ‘मागे ठेवलेली’ यादी चार नावांवर आली. प्रोग्राम नंतर १३वर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या पायथनच्या खोलीत) बसवला. बाहेरचा पायथन प्रोग्राम सिस्टिमच्या पायथनला बांधायचाच कशाला, असं माझं आता मत झालं आहे. १२पासून तर पिप हा पायथनची पॅकेजेस आणणारा प्रोग्रामही सिस्टिमच्या पायथनमध्ये काही बसवायला सरळ नकार देतो. त्या नकाराला ओलांडायचा पर्याय इंटरनेटवर जागोजागी सांगितलेला दिसेल. तो वापरणाऱ्याला पुढच्या अपग्रेडच्या रात्री झोप मिळत नाही.

परक्या पॅकेजला १३ची आवृत्ती नसेल तेव्हाही हाच नियम: ते आधी स्वतः काढा, मग तालीम, मग अपग्रेड. ॲप्टला मधल्या वाटेत तोडगा शोधायला लावू नका.

प्रत्यक्ष अपग्रेड

दूरवरून लॉगिन केलं असेल तर टीमक्सच्या (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या) आत चालवा. त्या रात्री परतीच्या पावसाची एक गडगडाटी सर येऊन वीज गेली. सर्व्हर यूपीएसवर होता, पण मी लॅपटॉपवरून ज्या राउटरमार्गे जोडलेला होतो तो यूपीएसवर नव्हता. स्क्रीन गोठली. वीज आल्यावर पुन्हा जोडलो, ‘टीमक्स अटॅच’ म्हटलं, तर आत पॅकेजेस शांतपणे उलगडत होती. टीमक्स नसता तर डीपीकेजी अर्ध्यावर तुटला असता. दूरवरचं लॉगिन घेणारा ओपनएसएसएच सर्व्हर १२च्या ताज्या आवृत्तीवर हवा तोही याच कारणाने: जुना राहिला तर अपग्रेड चालू असताना नवं लॉगिन घेत नाही. वर सांगितल्याप्रमाणे आधी पूर्ण अपडेट केलं असेल तर ती काळजी मिटलेली असते. मारियाडीबी हा डेटाबेस असेल तर ती आधी रीतसर बंद करा. ती अर्धवट बंद पडलेली असताना मोठी आवृत्ती बदलणं भरवशाचं नाही.

    स्क्रिप्ट -टी २>/रूट/वेळ.टीएक्सटी -ए /रूट/नोंद.टीएक्सटी
    ॲप्ट अपग्रेड --विदाऊट-न्यू-पीकेजीएस
    ॲप्ट फुल-अपग्रेड

पहिली ओळ पडद्यावरचं सगळं फाइलमध्ये टिपून ठेवते. दुसरी फक्त तेवढंच वर नेते जे काही न काढता आणि नवं न आणता जमेल. तिसरीत खरा बदल होतो. दोन टप्पे केले की दुसऱ्या टप्प्याचं कोडं ॲप्टला सोपं जातं. ‘फुल-अपग्रेड’ पुन्हा एकदा काढायची यादी दाखवेल. ती तालमीशी ताडून पाहा. नवं नाव दिसलं तर ‘एन’.

मध्ये मध्ये सेटिंगच्या फाइलींबद्दल प्रश्न येतील: तुमची ठेवू की नवी घेऊ? ‘डी’ दाबून फरक बघता येतो. तुम्ही स्वतः बदललेली फाइल ठेवा (‘एन’); नवी शेजारी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ नावाने पडून राहते, ती नंतर सवडीने जुळवा. न बदललेल्या फाइलींबद्दल तो विचारतच नाही.

अर्ध्यावर थांबलं तर हा क्रम:

    डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
    ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
    ॲप्ट फुल-अपग्रेड

‘अमुक फाइल दुसऱ्याही पॅकेजमध्ये आहे, त्यावर लिहिता येत नाही’ अशी चूक आली तर ते दुसरं पॅकेज बहुधा परकं असतं. ते काढा आणि क्रम पुन्हा चालवा. ‘--फोर्स’ने सुरू होणारे पर्याय मी हातात घेत नाही. त्यांनी गाठ सुटत नाही, फक्त डीपीकेजीला ती दिसेनाशी होते.

रीबूटनंतर

‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ने काय पडलंय ते पाहा. १३मध्ये ‘/टीएमपी’ आता मेमरीत असतं, रीबूटबरोबर रिकामं; बॅकअप तिथे नको म्हणालो तो यासाठी. ‘/ईटीसी/सिस्सीटीएल.कॉन्फ’ आता वाचली जात नाही. त्यातल्या ओळी ‘/ईटीसी/सिस्सीटीएल.डी’ खाली ‘.कॉन्फ’ने संपणाऱ्या फाइलीत हलवा. जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट्स ३.११ला बांधलेली असतात, ती दुरुस्त करत बसू नका. पिप फ्रीझची यादी आधी काढलेली असेल तर नवी बनवायला पाच मिनिटं लागतात.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांनी इथे थांबावं. १३बरोबर आवृत्ती १७ येते, पण तुमचा डेटा १५मध्येच चालू राहतो. ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ने दोन्ही दिसतात. नवा रिकामा क्लस्टर (डेटाबेसचा संच) काढून (‘पीजी_ड्रॉपक्लस्टर --स्टॉप १७ मेन’) मग ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर १५ मेन’ चालवायचं. इथे १७च्या जागी चुकून १५ टाइप झालं तर तुमचाच डेटा जाईल, म्हणून मी ही ओळ दोनदा वाचतो. काही दिवस १५वरच राहायचं असेल तर कोलेशनच्या (अक्षरांच्या क्रमाच्या) इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. अक्षरांचा क्रम सी लायब्ररी ठरवते आणि तीच बदलली आहे. जुन्या क्रमाने बांधलेला इंडेक्स नव्या क्रमाने शोधला तर असलेली नोंदही सापडत नाही. मराठी शीर्षकांच्या कॅटलॉगमध्ये ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘ळ’ची पुस्तकं गायब झाल्याची तक्रार नको असेल तर ‘रीइंडेक्स’ करून घ्या. ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर’च्या नेहमीच्या पद्धतीत डम्प घेऊन पुन्हा भरणं होतं, त्यामुळे इंडेक्स आपोआप नवे बनतात.

साफसफाई सगळ्यात शेवटी, निदान दोन दिवस यंत्र चालल्यावर. ‘ॲप्ट लिस्ट '?ऑब्सोलीट'’ने कुठल्याच रिपॉझिटरीत नसलेली पॅकेजेस दिसतात, ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ कुणालाच नको असलेली काढतो. त्याचीही यादी येते. तीही वाचायची.

दुसऱ्या युनिक्सवाल्यांसाठी दोन ओळी: फ्रीबीएसडीमध्ये मूळ सिस्टिम आणि पॅकेजेस वेगळी असतात, मोठी आवृत्ती बदलली की ‘पीकेजी-स्टॅटिक अपग्रेड -एफ’ने सगळी पॅकेजेस नव्याने आणायची. आर्चवर ‘पॅकमन -एसवाय’ एकटं चालवून एखादंच पॅकेज घेऊ नका. अर्धवट अपग्रेड तिथे मान्यच नाही.

पहाटे पाचला मी लेबल प्रिंटरवर चाचणीचं एक लेबल छापलं, ते बाईंच्या टेबलावर चिकटवलं आणि घरी गेलो. फोव अजून गरम होते.